जुन्या जीन्सचा स्कर्ट: आसन कुठवर उसवावे आणि फाटलेल्या गुडघ्याचे काय करावे?

मंगळवार पेठ

मुलीच्या तीन जुन्या जीन्स वर्षभर ट्रंकेत पडून आहेत. मागच्या महिन्यात बोहारीण दाराशी आली, तेव्हा तिने साड्या पारखून घेतल्या; जीन्स मात्र उलटीपालटी करून पाहिली, गुडघ्याच्या भोकातून हात बाहेर काढून मला दाखवला आणि बाजूला सारली. कापड अजून दणकट आहे, त्यामुळे टाकवत नाही. मुलीला गुडघ्याखाली चार बोटे येईल असा स्कर्ट हवा आहे आणि तो तिला विद्यापीठात मोपेडवरून जाताना वापरता आला पाहिजे.

पहिल्या जीन्सवर केलेला प्रयोग फसला. मी पाय गुडघ्याशी कापले, मांड्यांमधली शिवण उसवली आणि डाव्या पायाची कड उजव्या पायाच्या कडेला सरळ टीप मारून जोडली. जमिनीवर पसरल्यावर ते ठीक वाटले. पण मुलीने अंगात घातल्यावर चेनच्या खाली कापड पोपटाच्या चोचीसारखे पुढे आले. पाणी शिंपडून कडक इस्त्री केली, तरी ती चोच बसली नाही. मागच्या बाजूलाही तसाच फुगवटा आहे.

उरलेल्या दोन जीन्स शंभर टक्के सुती, ताण नसलेल्या आहेत. कंबर ३० इंच, सीट ३८ इंच आणि कमरेपासून पायाच्या टोकापर्यंत बाहेरची लांबी ३९ इंच आहे. स्कर्टची तयार लांबी २७ इंच हवी. चोच येऊ नये म्हणून आसन कुठवर उसवावे, मधल्या रिकाम्या जागेत काय घालावे आणि पायडलची जुनी काळी मशीन एवढे जाड कापड ओढेल का, हे ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

शिंप्याची लेक

ताई, तुमची चूक कापण्यात नाही, उसवणे लवकर थांबवण्यात आहे. वडिलांच्या दुकानात मी काजे-बटणे करत वाढले, त्यामुळे थोडे मुळापासून सांगते.

पँट म्हणजे दोन नळ्या. त्या नळ्या जिथे एकत्र येतात तिथे, पुढून खाली जाऊन मागे वर चढणारी जी वाकडी शिवण असते, ती आसनाची. पायाची जाडी सामावून घ्यावी म्हणून दोन्ही बाजूंच्या कापडाला तिथे आकड्यासारखा बाक दिलेला असतो. पुढचा लहान, मागचा बराच मोठा. स्कर्टमध्ये दोन पायांच्या मधून जाणारे कापडच नसते, म्हणून तो बाक तिथे फाजील होतो. तुम्ही फक्त मांडीची शिवण उसवली आणि बाक तसाच ठेवला. तोच चोच होऊन पुढे आला. इस्त्रीने तो कधीच बसणार नाही.

आता कृती सांगते. कात्री पहिल्या दिवशी हातात घेऊच नका. एका मोहरीपासून (पायाच्या खालच्या तोंडापासून) आसनातून दुसऱ्या मोहरीपर्यंत मांडीची शिवण सलग उसवा. ती बहुधा कड आत दुमडून दुहेरी टिपेने घातलेली असते, म्हणून वेळ लागतो; कंटाळा आला तर शिवणीला लागून कापा, मात्र त्यात प्रत्येक कडेला अर्धा इंच जातो हे धरून चाला. मग आसन पुढून वर उसवत जा आणि चेन जिथे संपते त्याच्या इंचभर खाली थांबा. तिथे दोऱ्याची जाड गाठ आणि चेनचा धातूचा अडसर असतो; तो उसवलात तर चेनच निकामी होईल. मागून मात्र बरेच वर जावे लागते, बाक संपून शिवण सरळ होते तिथपर्यंत.

यानंतर कमरेचे बटण आणि चेन लावून जीन्स फरशीवर पसरा. ओटा किंवा पलंग नको, फरशीच हवी. पुढच्या दोन कडांपैकी जी कड आधीपासून दुमडलेली आणि टीप घातलेली आहे ती दुसरीवर चढवा आणि तळव्याने वरून खाली सपाट करत न्या. एका जागी हाताखाली फुगवटा लागेल. तो लागला की आणखी दोन टाके उसवा, पुन्हा चढवा आणि पुन्हा तळवा फिरवा. फुगवटा नाहीसा होतो ती तुमची जागा. इंचांचा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण प्रत्येक कंपनीच्या आसनाचा बाक वेगळा असतो. तळहाताला कळते ते टेपला कळत नाही. टाचण्या लावून जुन्या टिपेवरूनच टीप मारा आणि आत राहिलेले आकड्याचे त्रिकोणी टोक शेवटी कापून टाका.

पंचगंगाकाठ

वरचे सगळे पटले. फक्त घेराचे गणित आधी मांडावे असे सुचवते, कारण मी ते न मांडता फसले होते. जीन्सचा पाय गुडघ्याशी सपाट ठेवून मोजला तर साधारण ८ इंच भरतो, म्हणजे उघडल्यावर १६. दोन्ही पायांचे मिळून ३२ इंच. तुमच्या मुलीची सीट ३८ आहे. म्हणजे मध्ये काहीच न घालता पाय नुसते जोडले तर खालचा घेर सीटपेक्षाही कमी होईल आणि तिला पाऊल टाकता येणार नाही.

पुढे आणि मागे तळाशी ९ इंच रुंद असा एकेक त्रिकोण घातला, तर ३२ अधिक १८ म्हणजे ५० इंच होतात. चार शिवणी, प्रत्येकीत दोन कडा आणि प्रत्येक कडेला अर्धा इंच धरला, तर ४ इंच शिवणीत जाऊन ४६ उरतात. गुडघ्याखालच्या स्कर्टला एवढा घेर चालायला पुरतो.

दुसरी गोष्ट कापडाची. तुमच्या लांबीला त्रिकोणाची उंची १७-१८ इंच लागेल आणि ३९ मधून २७ गेल्यावर पायाचा तुकडा उरतो जेमतेम १२ इंचांचा. एका जीन्समध्ये गुडघ्याच्या वरचाच स्कर्ट बसतो. गुडघ्याखालचा हवा असेल तर त्रिकोणासाठी दुसरी जीन्स मोडावी लागेल. दोन्हींचा निळा रंग तंतोतंत जुळणार नाही आणि जुळवण्याच्या मागे लागूही नये. जवळजवळ सारखा रंग चुकल्यासारखा दिसतो. स्पष्ट फिका किंवा स्पष्ट गडद असला की मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

मंगळवार पेठ

दोघींचे आभार. काल रात्री जेवणे झाल्यावर दुसऱ्या जीन्सची मांडीची शिवण उसवली. पहिली वीत उसवायला पाऊण तास गेला, त्यानंतर हाताला सवय झाली. मागची चोच तळव्याने शोधण्याची युक्ती अगदी बरोबर ठरली. मी जिथे थांबले असते त्याच्या वर आणखी चार बोटे उसवावे लागले.

आता नवीच अडचण उभी राहिली आहे. कमरेपासून २७ इंचांवर खूण केली, तेव्हा लक्षात आले की फाटलेला गुडघा २१ ते २५ इंचांच्या दरम्यान, म्हणजे स्कर्टच्या दर्शनी भागातच येतो. डावीकडे तळहाताएवढे भोक आहे आणि उजवीकडे कापड विरले आहे. मुलगी म्हणते, "राहू दे, फॅशन आहे." तिच्या आजीचे मत वेगळे आहे आणि ते मी येथे लिहीत नाही.

उभा धागा आडवा धागा

आजींच्या बाजूने एक तांत्रिक मत नोंदवतो. डेनिममध्ये उभा धागा निळीत रंगवलेला असतो आणि आडवा पांढरा असतो. वीण अशी असते की उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जाऊन एकाखालून निघतो, म्हणून कापड बाहेरून निळे आणि आतून पांढुरके दिसते. गुडघ्यावर घासून वरचे निळे उभे धागे आधी तुटतात आणि पांढरे आडवे धागे पिंजऱ्यासारखे उरतात. फाटक्या जीन्समध्ये दिसणारी ती पांढरी जाळी म्हणजे निम्मे धागे गमावलेले कापड होय. स्कर्टवर चालताना नेमका तिथेच गुडघ्याचा धक्का बसतो. चार धुण्यांत भोक दुप्पट होईल. ठेवायचेच असेल तर आतून ठिगळ लावून त्यावर जवळजवळ धावदोरा घालावा.

विषयाला किंचित सोडून एक गोष्ट सांगतो. जाड सुती कापडाला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला आहे. डोंगरी कापड आपलेच, तेव्हा त्याला ठिगळ लावण्याचा मानही आपलाच.

वाकळ

ठिगळ कशाला? आमच्या आजीच्या काळी नऊवारी लुगडे बसण्याच्या जागी विरले की ते टाकत नसत, त्याला दंड घालत असत. विरलेला मधला पट्टा आडवा कापून काढायचा आणि दोन्ही धड बाजू एकमेकींना जोडायच्या. लुगडे थोडे आखूड होई, पण पुढे दोन-चार वर्षे सहज निघत. शेवटी दंडही विरला की ते वाकळीत जाई.

तुमच्या जीन्सला तेच करा. २१ ते २५ इंचांमधला पट्टा दोन्ही पायांतून आडवा कापून टाका आणि खालचा धड पाय वर ओढून जोडा. ३९ मधून ४ इंचांचा पट्टा गेला आणि जोडात एक इंच गेला, तरी ३४ उरतात; तुम्हाला २७ हवे आहेत. तुरपाईला दोन इंच धरूनही कापड शिल्लक राहते.

शिंप्याची लेक

वाकळ यांची कल्पना मला मनापासून आवडली. दंड हा शब्दही कित्येक वर्षांनी ऐकला. मात्र एक अडचण आहे. जीन्सचा पाय खाली निमुळता होत जातो, त्यामुळे वरची कड १६ इंच असेल तर खालून ओढलेली कड १५ किंवा त्याहून कमी भरेल. ही तूट मध्ये वाटून घ्यायला गेलात तर चुण्या पडतील. बाहेरच्या बाजूची शिवण वरच्या आणि खालच्या भागात अचूक एकाखाली एक आणा, तिथून टाचण्या लावायला सुरुवात करा आणि सगळी तूट मांडीच्या कडेला जाऊ द्या. तिथे त्रिकोण बसणारच आहे. तो ती तूट गिळेल. म्हणून क्रम चुकवू नका: आधी दंड, मग आसन, सर्वांत शेवटी त्रिकोण.

दंडाची शिवण पोटऱ्यांच्या वर आडवी दिसेल. ती लपवू नका, उलट वरून पिवळ्या दोऱ्याने दोन टिपा द्या. जीन्सला ते शोभते.

इरकलवेडी

त्रिकोणासाठी दुसरी जीन्स मोडण्यापेक्षा जुन्या इरकलीचा काठ-पदर का वापरू नये? माझ्याकडे आईची लाल काठाची इरकल आहे आणि निळ्यावर तो लाल रंग फार खुलतो.

पंचगंगाकाठ

खुलतो खरा, पण मी हाच प्रयोग एकदा करून पस्तावले आहे. अंगावरच्या जीन्सचे कापड चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास भरते आणि जुनी साडी त्याच्यापुढे पापुद्र्यासारखी असते. जड कापडाच्या दोन कडांमध्ये हलके कापड शिवले की ते लोंबते आणि शिवणीजवळ सुरकुत्या धरते. साडी वापरायचीच असेल तर तिच्यामागे जाडसर सुती कापड लावून दोन्ही एकजीव करून घ्यावीत. इचलकरंजीचे साधे सुती कापड त्याला पुरते, पण ते आधी भिजवून आटवून घ्यावे. जीन्स शेकडो वेळा धुतलेली असते, ती आटायची ती आटून बसली आहे, नवे कापड मात्र पहिल्या धुण्यातच आखडते आणि त्रिकोण वर ओढला जातो.

लाल रंगाचीही परीक्षा घ्यावी. पांढरे फडके ओले करून काठावर जोरात घासावे. फडके गुलाबी झाले तर ती साडी फिक्या जीन्सजवळ आणू नये. मीठ घातलेल्या पाण्यावर भरवसा ठेवून माझा एक पांढरा झब्बा कायमचा गुलाबी झाला आहे.

पायडलची मशीन

मशीनबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. जुनी काळी पायडलची मशीन या कामाला उत्तम, कारण तिला फक्त सरळ टीप येते आणि ती सावकाश पण जोर लावून चालते. घरगुती हलक्या मशीन जाड जागी टाके सोडतात. सुई मात्र बदलावी लागेल: दोन पदरांना १६ नंबर, आणि जिथे चार-सहा पदर एकत्र येतात तिथे १८ नंबर. टीप मोठी ठेवा, इंचाला ८ टाके पुरेत. पिवळा जाड दोरा मिळाला नाही तर साध्या दोऱ्याची दोन रिळे लावून दोन्ही दोरे एकाच सुईतून ओवावेत. बॉबिनमध्ये साधाच दोरा ठेवावा.

दंडाची शिवण बाहेरच्या शिवणीला ओलांडते तिथे कापडाचा गड्डा तयार होतो. शिवण्याआधी तो फडक्यात धरून खलबत्त्याच्या बत्त्याने पाटीवर चांगला ठोका. पदर दबून निम्म्या जाडीचे होतात. तरीही मशीनचा पाय त्यावर चढताना मागे कलतो आणि टीप अडते. पायाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची जीन्सची घडी सरकवली की पाय समपातळीत येतो. त्या इंचभरात पायडल सोडून चाक हाताने फिरवावे.

पुढच्या खिशांच्या कोपऱ्यांवरील तांबडी टिकली, म्हणजे रिव्हेट, टिपेच्या वाटेत येऊ देऊ नये. खिशाचे कोपरे फाटतात ही गिऱ्हाइकांची तक्रार मिटवायला जेकब डेव्हिस या शिंप्याने ही टिकली ठोकली आणि लेव्ही स्ट्रॉस यांच्यासोबत २० मे १८७३ रोजी तिचे पेटंट मिळवले. कोपरे अजून टिकतात. आपल्या सुया मात्र तिच्यावर मोडतात. माझ्या दोन मोडल्या आहेत आणि त्यांपैकी एकीचे टोक उडून चष्म्याच्या काचेवर आपटले, म्हणून मी आता जीन्स शिवताना साधा का होईना चष्मा लावतोच.

राजारामपुरी नववी गल्ली

मोपेडचा उल्लेख आला म्हणून माझी फजिती सांगते. मी मागच्या वर्षी असाच स्कर्ट शिवला, मागे त्रिकोण घालायचा आळस केला आणि फक्त पुढे घातला. उभे राहून छान दिसत होता. सिग्नलला मोपेड थांबवून पाय खाली टेकवायला गेले, तर घेर आडवा आला, पाय टेकलाच नाही आणि मी गाडीसकट शेजारच्या रिक्षाला टेकले. रिक्षावाल्या काकांनी गाडी सावरली आणि एक शब्दही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. मागचा त्रिकोण टाळू नका. त्याखेरीज मी आता मागच्या शिवणीत तळाचे ५ इंच न शिवता उघडे ठेवते आणि त्या उघड्या जागेच्या वरच्या टोकाला तीन-चार वेळा मागे-पुढे टीप मारून ते पक्के करते.

मंगळवार पेठ

दहा दिवसांनी येत आहे, कारण मध्ये पावसाने घोटाळा केला. शिवण्याआधी दोन्ही जीन्स धुऊन टाकल्या आणि त्या तीन दिवस वाळल्याच नाहीत. कमरेचा पट्टा आणि खिसे दमट राहून कुबट वास धरू लागले, तेव्हा पुन्हा धुऊन, उलट्या करून, खिसे बाहेर ओढून पंख्याखाली वाळवल्या. कोल्हापुरात हे काम हाती घेणाऱ्यांनी श्रावण उलटू द्यावा.

स्कर्ट झाला. दंड घातला, तूट मांडीच्या कडेला नेली आणि तिथे खरोखरच ती त्रिकोणात गडप झाली. त्रिकोण तिसऱ्या, अगदी फिक्या जीन्सचे घेतले; गडद निळ्यामध्ये ते अधूनमधून उघडणाऱ्या पंख्यासारखे दिसतात. पहिला त्रिकोण कापताना मी कापड वाचवायला तो आडवा लावणार होते, पण मधली रेघ उभ्या धाग्यावरच धरली. त्रिकोणाच्या दोन्ही तिरक्या कडा शिवताना ताणल्या जात होत्या, म्हणून हाताने कच्चा टाका घालून मगच टीप मारली. त्रिकोणाच्या वरच्या टोकाशी मात्र सुई दोनदा अडली. बत्त्याने ठोकल्यावर तिसऱ्यांदा निघाली. सासूबाईंनी खलबत्ता दुसऱ्या दिवशी स्वतः घासून घेतला.

शिंप्याची लेक

खालची पट्टी लगेच दुमडू नका! तिरक्या कडा, ज्यांना आम्ही दुकानात उरेब म्हणतो, त्या वजनाने खाली उतरतात. स्कर्ट कमरेला चिमटे लावून एक दिवस-रात्र टांगून ठेवा आणि मग जमिनीपासून मोजून खडूची रेघ मारा.

मंगळवार पेठ

बरे झाले वेळेवर सांगितलेत. काल सकाळी टांगला आणि आज मोजला, तर पुढचा त्रिकोण शिवणींपाशी चांगला अर्धा इंच खाली उतरला होता. मुलीला स्टुलावर उभे केले, फूटपट्टी उभी धरून गोल फिरत खडूने खुणा केल्या, खालचे जास्तीचे कापले आणि दोनदा दुमडून टीप मारली. आज ती तोच घालून विद्यापीठात गेली. मोपेडवर पाय टेकतो, हे अंगणात आधीच दोनदा पाहून घेतले.

एक दोष राहिला आहे. मागच्या बाजूला, आसनाची नवी टीप जुन्या टिपेला मिळते तिथे, सुपारीएवढा फुगवटा अजून आहे. शर्ट बाहेर सोडला की झाकला जातो, पण मला तो दिसतो.

शिंप्याची लेक

वरून अजून दीड-दोन इंच उसवा आणि वरची कड खालच्या कडेवर आणखी दोन सुते, म्हणजे पाव इंच, सरकवा. अर्ध्या तासाचे काम आहे. मागचा बाक नेहमीच वाटतो त्यापेक्षा वर संपतो.

मंगळवार पेठ

रविवारी करते. तिसऱ्या जीन्सचा कमरेचा भाग खिशांसकट उरला आहे. तो मशीनच्या फळीला दोन खिळ्यांनी ठोकला असून त्याच्या मागच्या खिशांत आता टेप, खडू आणि १८ नंबरच्या सुया ठेवल्या आहेत.